दातपाडीचं बेट

नकाशा एवढा मोठा होता की हॅरिएटचं स्वयंपाकघरातलं टेबल त्याला पुरेना. कोपरे वर येऊ नयेत म्हणून तिचा दीर अ‍ॅबेल याने एकावर साखरेचा डबा ठेवला होता, दुसऱ्यावर चहाची किटली, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांवर स्वतःची कोपरं. सरोवरावरचा बर्फ फुटून आठवडाही झाला नव्हता. खिडकीतून त्याचे तुकडे काठाला घासत फिरताना दिसत होते.

"अकरा दिवस," अ‍ॅबेल म्हणाला. "चार होड्या, आठ माणसं. जुलैच्या मध्यावर निघायचं आणि समुद्राकाठच्या लोकांचा मेळावा सुरू व्हायच्या आत तिथं पोचायचं. वहिनी, अकरा दिवसांना पीठ किती लागेल ते सांग."

"चाळीस किलो. चरबीचे चार डबे. चहा मी बघते," हॅरिएट म्हणाली. वस्तीच्या शाळेत ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती, पिठाचा अंदाज तिला कुणाला विचारावा लागत नसे. "आणि होडीत माझ्याबरोबर बसणार कोण?"

"कुठल्या?"

"कुठल्याही. मी कुठल्या होडीत आहे ते विचारतेय."

अ‍ॅबेलने एक कोपर उचललं. तो कोपरा लगेच गुंडाळला गेला. "तू सिंक्लेरबरोबर गाडीनं ये ना. सामानाचं बघायला रस्त्यानं कुणीतरी हवंच. शिवाय तुझा गुडघा."

"होडीत गुडघे टेकून बसतात, भावजी. गुडघ्यानं वल्हवत नाहीत."

खुर्चीत पाठीला उशी लावून बसलेला सिंक्लेर, म्हणजे हॅरिएटचा नवरा, चहाच्या कपात हसला. क्री या त्यांच्या आदिवासी जमातीत दीर-भावजयीची एकमेकांना टोमणे मारायची रीतच आहे, आणि या दोघांनी ती तीस वर्षं मनापासून पाळली होती. पण या वेळी हॅरिएट चेष्टा करत नव्हती.

रस्ता झाल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षांत, या नदीने समुद्रापर्यंत होडीतून कुणी गेलं नव्हतं. शेवटची खेप हॅरिएटच्या वडिलांची. त्या होडीत पुढे बसलेली पोरगी हॅरिएट होती, तेव्हा सव्वीस वर्षांची. आज सत्तावन्न.

"तुझ्या नकाशात खडकांवरून उसळणारे खळाळ किती दाखवलेत?" तिने विचारलं.

"एकवीस."

"तेवीस आहेत." आणि ती बोटांवर मोजत खळाळांची नावं सांगू लागली. पहिली किटली, तिच्यानंतर दोन बहिणी, मग ओली बाही, जिथे पुढच्या माणसाची बाही भिजल्याशिवाय राहत नाही. अ‍ॅबेल पेन्सिलीने एकेकावर खूण करत गेला. दोनदा त्याची पेन्सिल कोऱ्या निळ्या रेघेवर थांबली. तिथे नकाशात काहीच नव्हतं.

"हा नकाशा विमानातून काढलाय, वहिनी."

"म्हणूनच. विमानाला बाही नसते."

सतरावी आली दातपाडी, खळाळ कसला, धबधबाच. तिथे दोघांची जुंपली. नकाशात दातपाडीच्या उजव्या काठाने होड्या डोक्यावर घेऊन चालायची वाट दाखवली होती, दोन किलोमीटरची. हॅरिएट म्हणाली, तिचे वडील खाली जाताना ती वाट कधीच घेत नसत. दातपाडीच्या अगदी वर नदीच्या मधोमध एक बेट आहे. तिथपर्यंत होडीने तिरकं जायचं, बेटावरून दीडशे पावलं होडी वाहून न्यायची, आणि पलीकडे डाव्या अंगाला पाणी सौम्य आहे, तिथून उतरायचं. काठाजवळ एक खडक आहे, अस्वल बसल्यासारखा. त्याची पाठ कोरडी असेल तरच जायचं. ओली असेल तर चहा करायचा आणि थांबायचं.

"म्हणजे धबधब्याच्या तोंडासमोरून आडवं जायचं," अ‍ॅबेल म्हणाला.

"तोंडाच्या वरून."

"चुकलं तर?"

"नाव काय आहे तिचं?"

अ‍ॅबेल माणूस वाईट नव्हता. आठ जणांचा जीव त्याच्या गळ्यात होता एवढंच. त्याने नकाशावर उजवी वाट लाल पेन्सिलीने गिरवली. "त्या बाजूला गेल्या उन्हाळ्यात वणवा लागला होता," असं हॅरिएटने म्हणून पाहिलं, तर तो म्हणाला की वणवा डोंगराच्या पलीकडेच थांबला. मग जरा वेळाने, वहिनीचं तोंड उतरलेलं त्याला पाहवेना म्हणून, तो म्हणाला, "बरं. मर्नाची जोडीदारीण खाणीतल्या कामामुळे येत नाहीये. तू आणि मर्ना, सरोवर जिथे नदीत उतरतं तिथं भरल्या होडीनं आरपार जाऊन दाखवा. होडीच्या लांबीपेक्षा जास्त खाली वाहत जायचं नाही. जमलं तर जागा तुझी."

मर्ना ही अ‍ॅबेलची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, दवाखान्यात परिचारिका. हातात जोर भरपूर, नदीचा अनुभव बेताचा. म्हणून तिला पुढे बसवून हॅरिएट मागे बसली, सुकाणूच्या जागी. ते पाहायला निम्मी वस्ती काठावर जमली होती.

फजिती झाली. निम्म्या वाटेत प्रवाहाने होडीचं तोंड असं फिरवलं की दोघी पाठमोऱ्या होऊन खाली वाहत गेल्या, आणि पाव किलोमीटरवर झुडपांत अडकल्या. काठावर हसू उसळलं. कुणीतरी म्हणालं, "कूकुम, समुद्र अजून लांब आहे." कूकुम म्हणजे आजी. हॅरिएटला अजून नातवंडंही नव्हती.

घरी येऊन तिने ओले बूट दारात काढले. "मी नेहमी पुढे बसले," ती सिंक्लेरला म्हणाली. "नदी सगळी माहीत आहे मला. पण ती बाबांनी चालवली, मी नाही."

सिंक्लेरने पाठीमागची उशी काढली. पाठ मोडायच्या आधी तो या वस्तीतला मागे बसणारा पहिल्या प्रतीचा माणूस होता. "उद्या बादली घेऊन येतो," तो म्हणाला.

बादली बसायला होती. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तो काठावर बादली पालथी घालून बसे आणि तिथून सूचना देई. होडीचं नाक प्रवाहाच्या उलट धरायचं, किंचित तिरकं. दोघींनी वल्हवत राहायचं. मग पुढे जायला लागत नाही, नदीच ढकलत पलीकडे नेते. नाक जास्त वळलं की गेलात.

"नदीशी भांडू नकोस," तो ओरडे. "माझ्याशी भांडतेस तसं तर अजिबात नको."

"तुझ्याशी भांडून मी जिंकते," ती पाण्यातून उत्तर देई.

"काकू, नाक," मर्ना पुढून म्हणे, आणि तोवर नाक गेलेलं असे.

पहिल्या आठवड्यात दोघी दोनदा उलटल्या. दुसऱ्या आठवड्यात हॅरिएटचे तळहात सोलून निघाले, मर्नाने दवाखान्यातली पट्टी बांधली आणि बजावलं की आता चार दिवस सुट्टी. एकच दिवस मिळाली. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी, एका ढगाळ संध्याकाळी, हॅरिएटच्या लक्षात आलं की आपण पाण्याकडे पाहतच नाही आहोत. पलीकडच्या काठावरचं एक वाळकं झाड नजरेत धरलं होतं, आणि झाड जागचं हलत नव्हतं. होडी नुसती बाजूला सरकत होती, जणू कुणी टेबलावरून बशी सरकवावी. काठावर सिंक्लेर बादलीवरून उठून उभा राहिला होता.

त्या रविवारी पुन्हा सगळे जमले. होडीत पिठाची पोती भरली होती. दोघी गेल्या आणि आल्या. अ‍ॅबेलने काठावर दोन काठ्या रोवल्या होत्या, त्यांच्यामधलं अंतर होडीएवढं. होडी पहिल्या काठीपासून हातभर खाली लागली. अ‍ॅबेलने दोन्ही काठ्या उपटल्या.

"पीठ पंचेचाळीस किलो घे," तो म्हणाला. "तुला भूक जास्त लागणार."

जुलैत निघाले. पहिल्या दिवशी किटली, दुसऱ्या दिवशी दोन बहिणी. तिसऱ्या दिवशी नकाशात नसलेला पहिला खळाळ आला, बरोबर हॅरिएटने सांगितला होता तिथे, आणि चौथ्या दिवशी दुसरा. त्यानंतर अ‍ॅबेल रोज सकाळी चहा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसू लागला आणि सहज विचारावं तसं विचारू लागला, "आज काय काय आहे?" ती सांगे. तो ते नकाशावर लिहून घेई.

सातव्या दिवशी दुपारी दातपाडीचा आवाज आला. आधी वारा वाटला, मग वारा नाही हे कळलं. ठरल्याप्रमाणे उजव्या काठाला लागले, आणि वर चढून पाहतात तर वाट नव्हती. वणवा डोंगराच्या अलीकडे आला होता. जळून काळी पडलेली झाडं एकमेकांवर आडवीतिडवी कोसळली होती, छातीएवढ्या उंचीची, नजर पोचेल तिथवर. आठ जणांनी दोन कुऱ्हाडी चालवल्या. चार तासांत साठ पावलं वाट झाली. सगळ्यांचे चेहरे कोळशाने काळे, एकाचा पाय मुरगळलेला, आणि पुढे दोन किलोमीटर तसंच.

अ‍ॅबेल एका ओंडक्यावर बसला. "या वेगानं दोन आठवडे," तो म्हणाला. मेळावा चार दिवसांवर होता. त्याने टोपी काढली, कपाळावर काळा पट्टा ओढला आणि हॅरिएटकडे पाहिलं. "वहिनी, ते बेट दाखव."

बेट तिथेच होतं, ऐंशी मीटरवर. हॅरिएट काठाकाठाने गेली आणि अस्वलासारखा खडक शोधला. तो सापडायला वेळ लागला, कारण त्याचं डोकं तेवढं वर होतं. पाठीवरून पाणी वाहत होतं. आदल्या दोन रात्री पाऊस झाला होता.

"ओला आहे," ती परत येऊन म्हणाली. "आज नाही."

"किती ओला?" अ‍ॅबेलने विचारलं. "उजेड आहे अजून. एवढंसं तर अंतर आहे."

"चहा ठेव."

"वहिनी, दिवस जातोय."

"त्या दिवशी मला गाडीनं पाठवत होतास, आता धबधब्यावरून पाठवतोस," हॅरिएट म्हणाली. "ओला म्हणजे ओला. मी जाणार नाही आणि तुम्हाला जाऊ देणार नाही. चहा."

आवाज तिने चढवला नव्हता. शाळेत दोनशे पोरं रांगेत उभी करते तोच तो आवाज. सात जणांनी मुकाट्याने लाकडं गोळा केली.

सकाळी पाणी उतरलं होतं. अस्वलाची पाठ उन्हात कोरडी, वर एक पक्षी बसलेला. हॅरिएटने काठावर उभं राहून बेटावरचं एक झाड निवडलं, शेंडा मोडलेलं. मग होडीत गुडघे टेकले. मर्ना आधीच पुढे बसली होती.

"काकू," मर्ना मागे न पाहता म्हणाली, "नाक मी सांगणार नाही. तुम्हीच बघा."

"तू फक्त वल्हव."

काठ सुटला तसा पाठीमागून दातपाडीचा आवाज एकदम कानांत भरला. पाणी इथे गुळगुळीत होतं, फसवं, आणि जोराने खाली ओढत होतं. हॅरिएटने तिकडे पाहिलं नाही. शेंडा मोडलेलं झाड तेवढं पाहिलं. झाड हललं, तिने नाक बोटभर सरळ केलं, झाड थांबलं. वल्हं, आणि वल्हं, आणि वल्हं. मग होडीच्या तळाला गोटे लागले, आणि मर्ना उडी मारून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसरी होडी नीट आली. तिसरी अ‍ॅबेलची. निम्म्या वाटेत त्याचं नाक गेलं. सगळ्यांनी ते पाहिलं. होडी आडवी होऊ लागली आणि खाली सरकू लागली. हॅरिएट पाण्यात शिरली, वल्हं डोक्यावर सरळ उभं धरलं आणि ओरडली, "अ‍ॅबेल, पाण्याकडे बघू नको. माझ्याकडे बघ. नाक माझ्याकडे."

त्याने वर पाहिलं. दात आवळून चार वल्ही मारली, नाक इंचाइंचाने वर आलं, आणि बेटाच्या अगदी शेवटच्या टोकाला हॅरिएट आणि मर्ना यांनी त्याच्या होडीची दोरी पकडली. तो काठावर येऊन चारी हातपायांवर बसला. श्वास जागेवर आला तेव्हा म्हणाला, "हे तुझे बाबा दरवर्षी करायचे?"

"जाताना. येताना ते उजव्या वाटेनंच चालत यायचे," हॅरिएट म्हणाली. "वेडे थोडेच होते."

आधी अ‍ॅबेलच हसला, मग सगळे. चौथी होडी आली. बेटावरची वाट खरंच दीडशे पावलांची निघाली, आणि पलीकडे डाव्या अंगाच्या पाण्याने चारही होड्या पोरांनी घसरगुंडीवरून जावं तशा खाली नेल्या.

अकराव्या दिवशी हवेला खारट वास आला. नदीच्या मुखाशी तंबूंच्या रांगा होत्या. होड्या दिसताच काठावरून बंदुकांचे बार निघाले. नदीतून येणाऱ्याचं असंच स्वागत करायची जुनी रीत होती, आणि तरुण माणसांनी ती फक्त ऐकलेली होती. बार थांबेनात. अ‍ॅबेलने आपली होडी मागे घेतली, मग बाकीच्या दोघांनीही, आणि हॅरिएटची होडी एकटी पुढे राहिली. तिने तेवढ्यात होडीत उभं राहून वल्हं उंच धरलं.

"काकू, बसा," मर्ना म्हणाली. "होडीत उभं राहत नाहीत."

"माहीत आहे मला," हॅरिएट म्हणाली, आणि उभीच राहिली.

काठावर एक अतिशय म्हातारी बाई खुर्चीत बसली होती. तिने विचारलं की सरोवराकडच्या या लोकांना नदीतून कुणी आणलं. अ‍ॅबेलने आपल्या वहिनीकडे बोट दाखवलं. म्हातारीने हॅरिएटचे दोन्ही तळहात उलटे करून पाहिले, घट्टे अंगठ्याने चाचपले आणि शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं. शेकोटीवर भाजून तयार असलेल्या हंसाचा पहिला तुकडा हॅरिएटच्या हातात आला. तिला इतकी भूक लागली होती की ती वाळूतच बसली. गाडीने आधीच पोचलेला सिंक्लेर तिच्या मागे येऊन उभा राहिला तरी तिने खाणं थांबवलं नाही, नुसती जरा सरकून त्याला जागा केली.