सत्यवतीसाठी भरलेला डबा

मी एक जुना पितळी डबा आहे. आगाशीच्या बाजारातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. १९४४ साली केळीच्या वाडीचे मालक काशिनाथ यांनी मला घरी आणले, कारण त्यांची मुलगी प्रमोदिनी हायस्कुलात जाऊ लागली होती.

मित्रांनो, प्रमोदिनीच्या शेजारी बाकावर सत्यवती बसे. चांदीप गावच्या शेतकऱ्याची ही मुलगी आगाशीत मामाकडे राहून शिकत होती. गणितात तिचा हात धरणारे वर्गात कुणी नव्हते. मधल्या सुट्टीत दोघी माझ्यातूनच जेवत.

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी सत्यवती बदलली. गणित सोडवता सोडवता ती कानांवर हात दाबून धरी. "भिंतीतून कोनीतरी माझं नाव घेतंय," म्हणे. अन्नात विष असेल म्हणून खाईना. प्रमोदिनीने आधी घास घेतला, तरच तीही घेई.

"तिचं उष्टं खाऊ नकोस, तुलाही वेड लागेल," मुली प्रमोदिनीला म्हणू लागल्या. एके दिवशी प्रमोदिनी बाक बदलून पुढे जाऊन बसली. सुट्टीत सत्यवती तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आदी तू खा, मंग मी खाते."

सगळा वर्ग हसला. प्रमोदिनीने मान खाली घातली आणि माझे झाकण लावले.

सत्यवतीने मग अन्नच सोडले. आठ दिवसांनी मामा तिला चांदीपला पोचवून आला. भगताचे अंगारे-धुपारे झाले आणि शेवटी तिला खाडीपलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, अशी बातमी आली.

मॅट्रिक झाल्यावर प्रमोदिनी म्हणाली, "मी नर्स होणार. त्याच इस्पितळात जाणार."

"मास्तरीण हो की! वेड्यांत कशाला जातेस?" काशिनाथ चिडले.

"बाबा, मी एकीला उपाशी ठेवलंय."

१९५२ साली ती तिथे रुजू झाली, तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो. बायकांच्या वॉर्डात सत्यवती भिंतीकडे तोंड करून बसली होती. केस कापलेले, मनगटे काडीसारखी. प्रमोदिनी रोज तिच्याजवळ बसून जेवू लागली. वर्षभराने सत्यवती हाताने खाऊ लागली, चादरींच्या घड्या घालू लागली. "घरचं कुणी नेत असेल तर जाऊ द्या तिला," डॉक्टर म्हणाले.

प्रमोदिनीने सत्यवतीच्या घरी तीन पत्रे धाडली. उत्तर नाही. म्हणून एका रविवारी ती मला घेऊन चांदीपला गेली. सत्यवतीचा भाऊ हरिश्चंद्र ओटीवर बसला होता. त्याने तिला बसायला पाट दिला, पाणी दिले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाय, घरान दोन पोरी लग्नाच्या हायेत. सत्यवती मेली असं आम्ही गावात सांगलंय. तिचे दिवसबी घातलेत."

"पण ती जिवंत आहे!"

"आमाला नाय."

प्रमोदिनी उठली. तेवढ्यात आत उभी असलेली सत्यवतीची आई, बायजा, बाहेर आली. तिने मला उचलून चुलीपाशी नेले. तांदळाच्या दोन गरम भाकऱ्या थापल्या, जवळ्याची चटणी केली आणि मला भरून प्रमोदिनीच्या हाती दिले.

"माझ्या हातची हाय असं सांगू नको तिला," ती हळूच म्हणाली.

आम्ही इस्पितळात परतलो, तेव्हा घरी जायचे म्हणून सत्यवती कपड्यांचे बोचके बांधून वॉर्डाच्या दाराशी बसली होती. प्रमोदिनीने मला तिच्यापुढे ठेवले. पहिला घास तोंडात गेला आणि ती थांबली.

"आयेच्या हातची हाय ही," ती म्हणाली. "आय बाहेर हाय का?"

प्रमोदिनीने मान खाली घातली. सत्यवतीने उरलेली भाकरी पदरात बांधली, बोचके मांडीवर घेतले आणि दाराकडे पाहत बसली. पुढे तिचे खाणे पुन्हा सुटले. त्याच वॉर्डात, तीन वर्षांनी, ती गेली. न्यायला कुणी आले नाही.

प्रमोदिनी अजून तिथेच काम करते. तशा कितीतरी जणी तिच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसतात. मी मात्र एका फळीवर पडून असतो. माझी कल्हई उडाली आहे, अंगावर हिरवे डाग पडले आहेत. त्याचे मला फारसे दुःख नाही. चिंच लावून घासले की मी पुन्हा उजळेन. माणसाचे तसे नसते, मित्रांनो. तुमच्या घरात कुणाचे मन आजारी पडले, तर त्याला जिवंतपणी मेलेले म्हणू नका. ते माणूस दाराकडे पाहत बसते. मी पाहिले आहे.