मालूची हळद आणि बुधाजीचा गुडघा

विचुंब्यात बुधाजीच्या लंगडण्यावर विश्वास ठेवायचा, तर आधी त्याची कबड्डी विसरायला हवी. ऐन सामन्यात गडी असा लंगडायचा, की समोरचे ढिले पडायचे. आणि हा दोघांना शिवून दात काढत परत. वय झालं, खोड गेली नाही. एकदा पायाला नकली प्लास्टर बांधून ठमाबाईकडून, म्हणजे सख्ख्या बायकोकडून, आठवडाभर जागेवर चहा उकळला होता.

मग गुडघ्यातली कूर्चा खरंच फाटली. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, तिच्यातल्या स्टेम सेल लॅबमध्ये वाढवल्या आणि गुडघ्यातल्या खड्ड्यात बसवल्या. बुधाजीने घरात समजावलं, की हे भातासारखंच हाय. रोपं एकीकडे वाढवायची, मग खाचरात लावायची, आणि मूळ धरेपर्यंत कुणी आत पाय घालायचा नाय. दीड महिना त्या पायावर भार नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण तयार पेशी थांबत नाहीत आणि लग्नाची तारीखही. ऑपरेशनला तीन आठवडे होतायत तोवर एकुलत्या एका लेकीची, मालूची हळद आली.

मांडवात बँजो तापला. नवरीचा बाप खुर्चीत. धर्मराज, त्याचा कबड्डीतला जुना जोडीदार, बुधाजीच्या कुबड्या लपवून आला आणि म्हणाला, "ऑपरेशन होऊन गेलं, आता पोरीच्या हळदीला तरी नाटक नको, बुध्या." बायकांनी री ओढली. ठमाबाईने तोंड फिरवलं, आणि ते जास्त लागलं. बुधाजीने शपथा घेतल्या. लोक आणखी हसले. शेवटी त्याचंच डोकं फिरलं. दोन मिनिटं नाचलो तर काय होतंय? लेकीची हळद काय पुन्हा येणार हाय? त्याने खुर्चीचे हात धरले, चांगल्या पायावर उठला आणि दुसरा पाय जमिनीला टेकवला. शिट्ट्या पडल्या.

हळदीने माखलेली मालू पाटावरून उठून त्याच्यासमोर आली.

"बाबा, दुखतंय?"

हो म्हणाला असता तर सुटला असता.

"नाय दुखत," तो हळू म्हणाला. "म्हणूनच भ्या वाटतंय. आत काय उपटलं तर कळायचं पण नाय. आन मंग पोरी, आयुष्यभर असाच."

मालूने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्या तोंडावर हसू शोधायची तिला लहानपणापासून सवय. आज ते कुठेच नव्हतं. तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला खाली बसवलं, पाय स्टुलावर ठेवला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे हात उमटले. मग ती धर्मराजकडे वळली.

"काका, कुबड्या आणा. आन बाबाच्या वाटचं तुमी नाचा."

धर्मराज खाली मान घालून कुबड्या घेऊन आला. मग उतरला मांडवात. वाईट नाचत होता, आणि ताल तर बुधाजीच्या आवडीचा.

बुधाजीने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली.