डुक्करपाल पाहिजे

ईस्ट बार्कर गावात औषधालासुद्धा डुक्कर नाही. शेवटचं डुक्कर कुणाच्या अंगणातून सुटलं होतं हे आठवणारी माणसंही आता टेकडीवरच्या दफनभूमीत निवांत आहेत. पण डुक्करपाल मात्र दर वर्षी निवडायचा म्हणजे निवडायचाच. इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हा लोकांची डुकरं शेजाऱ्याच्या मक्यात घुसायची आणि मागोमाग शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर जायचा. म्हणून गावानं एक माणूस नेमला. सुटलेलं डुक्कर धरायचं, कोंडायचं आणि वर मालकाच्या शिव्या खायच्या. असलं काम आपणहून कोण घेईल? तेव्हा त्या शहाण्या लोकांनी ठरवलं, की वर्षभरात ज्याचं लग्न झालं असेल त्याच्या गळ्यात हे घालायचं. नव्या नवऱ्याला नाही तरी कुठं नाही म्हणता येतं!

पुढं राजा गेला, मका गेला, डुकरं गेली. डुक्करपाल राहिला. राजाशी फारकत घ्यायची की नाही हे गावसभेत ठरायचं होतं, त्या साली विषयपत्रिकेवर डुकरं सातवी आणि राजा आठवा होता, आणि डुकरांवरच जेवणाची वेळ झाली, हे गावकरी आजही छाती फुगवून सांगतात.

तर त्या मार्चमधल्या मंगळवारी गावसभा भरली होती आणि लायमन टिबेट्स शेवटच्या रांगेत खांबाच्या आड बसून घाम पुसत होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आत एक शेगडी, तीही धूर जास्त आणि ऊब कमी देणारी. घाम येण्यासारखं काही नव्हतं. पण लायमनला येत होता, कारण समोर व्यासपीठावर हातोडा घेऊन त्याची लेक रोंडा बसली होती.

लायमननं आयुष्यभर गावाचा बर्फ लोटायचा ट्रक चालवला. वादळात, अंधारात, दरीच्या कडेनं. कधी डोळा लवला नाही. पण रोंडानं चष्म्यावरून नुसतं पाहिलं की या माणसाची पाचावर धारण बसायची. रोंडा गावसभेची सभापती. सभेत ती बापालाही ‘श्रीयुत टिबेट्स’ म्हणायची, आणि बापानं विषय सोडून दुसरं काही काढलं की हातोडा आपटून खाली बसवायची. गावाला ते फार आवडायचं.

आणि लायमननं या लेकीपासून चोरून लग्न केलं होतं.

नवरी दुसऱ्या रांगेत बसून मोजा विणत होती. बर्निस कोल्बी, वाचनालयाची बाई, विधवा, बोलायला कडक आणि हसायला लागली की थांबायची नाही. अडचण एवढीच, की ही बर्निस आणि लायमनची पहिली बायको जॉयस या दोघींनी शेवटची पंधरा-वीस वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. जत्रेतल्या स्पर्धेत बर्निस म्हणाली होती, की जॉयसच्या सफरचंदाच्या ‘पाय’चं, म्हणजे सारण भरून भाजतात त्या गोड पदार्थाचं, आवरण दुकानातलं आहे. गावाचे तेव्हा दोन तट पडले ते पडलेच. जॉयस गेल्यावर बर्निस तसलाच ‘पाय’ भाजून घेऊन भेटायला आली, तर रोंडानं तोंडभर आभार मानले आणि तो ‘पाय’ कोंबड्यांना घातला.

आता असल्या घरात लग्नाची गोष्ट काढायची कशी? लायमननं ऑक्टोबरात ट्रकचं बर्फ लोटायचं पातं आणायला जातो असं सांगितलं, बर्निसला ट्रकमध्ये घातलं, सीमेपलीकडच्या मेन राज्यात नेलं आणि लग्न लावून संध्याकाळी पातं घेऊन परत आला. तेव्हापासून दोघं आपापल्या घरी राहत होती. लायमन रोज पहाटे तिच्या दारातला बर्फ काढायच्या निमित्तानं जायचा. बर्फ न पडलेल्या दिवशीही जायचा.

बर्निसनं हे फेब्रुवारीपर्यंत सहन केलं. मग म्हणाली, “लायमन, मी काही चोरीचा माल नाही. गावसभा उठायच्या आत लेकीला सांग. नाही सांगितलंस तर माझ्या दारात पुन्हा फावडं घेऊन यायचं नाही. मी आपली कोल्बी होते, कोल्बी राहीन.”

“सांगतो ना,” लायमन म्हणाला होता. तेव्हापासून तो रोज सांगणार होता.

सभेची सकाळ सगळी ट्रकच्या टायरांवर गेली. शाळेचा अख्ख्या वर्षाचा खर्च दहा मिनिटांत मंजूर करणारं हे गाव, टायर चार घ्यायचे की दोन यावर दोन तास भांडलं. “आमच्या खापरपणजोबांनी राजाचं ऐकलं नाही, आम्ही टायरवाल्याचं ऐकू काय?” असं कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. मागच्या खोलीतून शिजलेल्या घेवड्याचा आणि काळ्या पावाचा वास यायला लागला, तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. रोंडानं हातोडा आपटला.

“विषय सातवा. डुक्करपाल. वर्षभरात ज्यांची लग्नं झाली त्यांनी उभं राहावं.”

कुणी उठलं नाही. लोकांनी माना वळवून इकडेतिकडे पाहिलं.

“अरे, कुणाचंच नाही?” रोंडा म्हणाली.

“पोरं सगळी बॉस्टनला पळाली,” डेलबर्ट ग्लिडन पुढून म्हणाला. हा डेलबर्ट दुकानात खिळे-मोळे विकायचा आणि सरकारी परवाना असल्यामुळं लग्नंही लावायचा. दोन्हीत मोडतोड झाली तर परत घ्यायचा नाही. “माझ्याकडं वर्षभरात एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. गेल्या वर्षीचाच ठेवा.”

“त्याचा घटस्फोट चाललाय,” मागून आवाज आला.

“मग तोही सुटलेलाच, डुकरं बरोबर हुडकेल!”

हशा झाला. रोंडा हसली नाही. “हे पद एकदाही रिकामं राहिलेलं नाही. लढाया झाल्या, साथी आल्या, निम्मं गाव जळालं, तरी नाही. माझ्या हातून रिकामं राहणार नाही. पुन्हा विचारते. कुणाचं झालंय?”

लायमननं खांबाला पाठ लावली. त्याला वाटलं, आपण इथून रांगत दारापर्यंत जाऊ शकतो. तेवढ्यात बर्निसनं मोजा मांडीवर ठेवला आणि मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. राग असता तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांत काही अपेक्षाच उरली नव्हती. ही बाई आता घरी जाईल, दार लावेल आणि झालं.

“शेवटचं विचारते,” रोंडा म्हणाली.

“मला,” लायमन उठला, “मला जरा बाहेर...”

“श्रीयुत टिबेट्स, संडास डाव्या हाताला आहे, त्याला सभेची परवानगी लागत नाही.”

“संडास नाही. लग्न. माझं. झालंय.”

शेगडीतलं लाकूड फुटलं ते सगळ्यांना ऐकू आलं. रोंडाचा हातोडा वरच्या वर राहिला.

“कुणाशी?” तिनं विचारलं.

बर्निस उठून उभी राहिली. सुया हातातच. “माझ्याशी,” ती म्हणाली.

मग जो गलका उडाला तो विचारू नका. थेल्मा रँडल, जॉयसची जिवाभावाची मैत्रीण, छातीवर हात ठेवून “जॉयस ग, बघतेस का!” म्हणाली. बर्निसच्या तटातल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. डेलबर्ट लालबुंद झाला होता, पण वेगळ्याच कारणानं.

“लावलं कुणी हे लग्न?”

“मेनमध्ये लावलं,” लायमन पुटपुटला.

“परराज्यात! मी इथं परवाना घेऊन माशा मारतोय आणि हा परराज्यात जातो! सभापती, माझी हरकत आहे. गावाच्या पाठीमागं झालेलं लग्न डुक्करपालाला चालत नाही.”

“चालतं!”

“मुळीच चालत नाही!” थेल्मा कडाडली.

गावाला भांडायला यापेक्षा चांगला विषय टायरांनंतर मिळाला नसता. रोंडानं चालतं की नाही यावर मत घेतलं. हात वर झाले, मोजले, पुन्हा मोजले. जॉयसचा तट आणि बर्निसचा तट, दोन्हींकडं सारखे हात. लायमननं स्वतःसाठी हात वर केलाच नव्हता. तो उचलायचं भानच त्याला राहिलं नव्हतं.

बरोबरी झाली म्हणजे सभापतीचं मत. सगळं सभागृह रोंडाकडं बघायला लागलं.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मत देण्याआधी विचारायचंय. लग्न कधी झालं?”

“ऑक्टोबरात.”

“पातं आणायला गेला होतात त्या दिवशी.”

“पातं आणलं होतं,” लायमन घाईनं म्हणाला. “चांगलं निघालं.”

“आणि साक्षीला कोण होतं?”

लायमननं बर्निसकडं पाहिलं. बर्निसनं छताकडं पाहिलं. “पेट्रोल पंपावरचा माणूस,” तो म्हणाला. “भला होता बिचारा. हात धुऊन आला.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. रोंडाचा चेहरा आक्रसला होता. लहानपणी पडली की रडायच्या आधी आक्रसायचा, अगदी तसा. लायमनला तो ओळखीचा होता आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझं मत,” रोंडा म्हणाली, “चालत नाही.” आणि हातोडा आपटला.

थेल्मानंसुद्धा टाळी वाजवली नाही. बर्निस खाली बसली. तिच्या मोज्याचे टाके सुईवरून सुटत होते आणि ती ते सुटू देत होती. लायमनला वाटलं, झालं, एका सकाळीत लेकही गेली आणि बायकोही गेली. पण कसा कोण जाणे, तो मधल्या वाटेनं चालत दुसऱ्या रांगेपर्यंत गेला आणि बर्निसच्या शेजारी उभा राहिला. “न चालू दे,” तो मोठ्यानं म्हणाला. “डुकरं नकोत मला. पण ही माझी बायको आहे आणि आज संध्याकाळपासून मी हिच्या घरी राहणार आहे. लपूनछपून मला आता जमत नाही.”

“खाली बसा, श्रीयुत टिबेट्स. माझं झालेलं नाही.” रोंडाचा आवाज जरा घोगरा आला. “पद अजून रिकामं आहे. सभा संध्याकाळपर्यंत चालणार आहे. मागच्या खोलीत अख्ख्या गावाचं जेवण तयार आहे. डेलबर्ट, लग्न लावायला किती वेळ लागतो?”

“दहा मिनिटं,” डेलबर्ट ताडकन उठला. “अंगठ्या नसल्या तर दुकानातून वॉशर आणतो. सगळ्या मापाचे आहेत!”

“अंगठी आहे,” बर्निस म्हणाली. तिनं गळ्यातली साखळी कॉलरबाहेर ओढली. “पण एकदा झालेलं लग्न पुन्हा कशाला करायचं ते मला कळेल का?”

“मागच्या वेळी पेट्रोल पंपवाला होता म्हणून,” रोंडा म्हणाली.

 बर्निसनं लोकरीचा गुंडा पिशवीत कोंबला. “बरं बाई,” ती हळूच म्हणाली. “करते. पण माझे केस बघ कसे झालेत.”

“जेवायच्या आधी उरकणार का नंतर?” मागून कुणीतरी ओरडलं. “घेवडा लागतोय खाली!”

“आधी!” निम्मी सभा ओरडली. “आधी!” उरलेल्यांनाही तेच हवं होतं, हे त्या दिवसातलं एकमतानं झालेलं पहिलंच काम.

रोंडा व्यासपीठावरून उतरली, जाताजाता हातोडा थेल्माच्या हातात दिला आणि बापापुढं येऊन त्याची कॉलर नीट करायला लागली. जरा जोरातच ओढत होती.

“मला वाटलं,” लायमन म्हणाला, “तुला आवडणार नाही.”

“नाहीच आवडलेलं. पण न आवडायला तरी बोलवायचं होतं!” तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती. “तुमच्या न् आईच्या लग्नाला मी नव्हते, ते मी समजू शकते, मी जन्मलेच नव्हते. या वेळी मी होते ना हो, बाबा!”

 लायमननं तिचा हात धरला आणि दोघं डेलबर्टच्या दिशेनं चालायला लागली.