सुई थांबली पाहिजे

दुकानदाराने काउंटरवर ठेवलेला, इंजिनातला दाब मोजायचा मीटर स्नेहाने उचलला, टोकाच्या रबरी बुचावर अंगठा दाबून पाहिला आणि खाली ठेवला.

"हा नको. हा हाताने दाबून धरावा लागतो. हात जरा हलला की हवा निसटते आणि आकडा खोटा येतो."

मंचरच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदार हसला.

"ताई, घरच्या कामाला लई झाला हा. मिस्त्रीला पाठवा, त्याला समजावून देतो."

"गाडी माझी आहे. मला समजवा."

मग त्याने कपाटातून मोठी निळी पेटी काढली. परदेशी माल, डझनभर जोड, डिझेलच्या इंजिनालाही चालणारा. किंमत ऐकून स्नेहाने झाकण लावलं.

"माझी व्हॅन पेट्रोलची. डिझेलचा मीटर घेऊन काय करू? नळीचा दाखवा, आट्यांचा. प्लगच्या जागी फिरवून बसतो तो."

पेठ गावातल्या नऊ मुलींना ती रोज त्या व्हॅनमधून मंचरच्या शाळेत सोडत असे. पाच महिन्यांपूर्वी तिने ती दिराकडून, रत्नदीपकडून घेतली होती. इंजिन नवं बांधलंय, हा त्याचा शब्द. पण गेल्या महिन्यापासून व्हॅन घाट चढेना. धर्माजी मिस्त्रीने नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "हे इंजिन कधी उघडल्यालंच न्हाई, बाई. पिस्टनच्या रिंगा संपल्यात."

घरी रत्नदीपने ते हसण्यावारी नेलं. "धर्माजीला काम पायजे. इंजिनाला काय झालं न्हाई, वहिनी. तुमाला घाटात गेर टाकता येत न्हाई. सोमवारपासनं पोरी मी नेतो."

सासू, लंकाबाई, चुलीपाशी भाकरी थापत राहिल्या. नवरा नवनाथ नाशिकला कामाला. तो फोनवर "सांभाळून घे" एवढंच म्हणाला. तेव्हा स्नेहाने रुपया टाकायच्या फोनच्या डब्यावरून कळंबला वडिलांना फोन लावला होता. पोपटराव तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. जय भीम म्हणून झाल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भांडत बसू नको. मोज," ते म्हणाले. "आन मीटर घेताना हवा भरून बघ. सुई चढली की तिथंच थांबली पायजे. उतरली, तर त्याचा वाल्व गळतोय."

दुकानदाराकडे नळीचे दोनच मीटर निघाले. दोन्ही एकाच किमतीचे, दिसायलाही सारखे. स्नेहाने दोन्ही उचलले.

"शेजारी पंक्चरवाल्याकडे चला, भाऊ. हवा भरून बघते."

"आजवर कुणी असा बघितला न्हाई."

"मी बघणार."

पंक्चरवाल्याने नळीच्या तोंडाला हवेचा पाइप लावला. पहिल्या मीटरची सुई शंभरावर गेली आणि हळूहळू खाली यायला लागली. दुसऱ्याची गेली ती तिथेच राहिली. स्नेहा घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर उभी होती. दुकानदारही नकळत मनात आकडे मोजत होता.

रविवारी सकाळी तिने व्हॅनची पेठेत एक फेरी मारून इंजिन गरम केलं आणि अंगणात उभी केली. पुढची सीट उचलली, तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडवली. ओट्यावर लंकाबाई बाजरी निवडत होत्या. रत्नदीप दारात चहा पीत उभा होता.

"भावजी, या. आकडा तुम्हीच वाचा. मी वाचला तर म्हणाल, वहिनी खोटं बोलते."

तो आला. तिने नळी घट्ट बसवून मीटर त्याच्या हातात दिला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि किल्ली फिरवली. इंजिनाने सहा-सात वेळा धाप टाकली.

"किती?"

"नव्वद."

दुसऱ्याला पंच्याण्णव. तिसऱ्याला पुन्हा नव्वद.

"मीटर स्वस्तातला दिसतोय," रत्नदीप म्हणाला.

"स्वस्तातला आहे. खोटा नाही."

तिने तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी रत्नदीपने मीटर डोळ्यांजवळ नेला.

"किती, भावजी?"

"एकशे पस्तीस."

"तेलाने फट बुजली की आकडा चढतो. म्हणजे रिंगाच गेल्यात. चुकीचा गिअर टाकून पाच महिन्यांत तिन्ही सिलिंडर असे सारखे झिजत नाहीत."

लंकाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"रत्ना, किती पायजे व्हता आकडा?"

"दीडशेच्या वर, आई."

"आन तू म्हनला व्हता, नवं बांधलंय."

रत्नदीप मीटरकडेच बघत राहिला. "मला बी इकणाऱ्यानं तसंच सांगितलं व्हतं."

"तू उघडून बघितलं व्हतं का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. लंकाबाईंनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"मग ही गाडी उद्या धर्माजीकडं टाका. काम व्हईस्तवर तुजी जीप दे."

"ते तर मी म्हनतच व्हतो. सोमवारी मीच पोरी—"

"जीप दे म्हनलं. डायवर न्हाई मागितला."

रत्नदीपने मीटर खाली ठेवला. मग त्याने खिशातून जीपची किल्ली काढली, ओट्याच्या कडेवर ठेवली आणि तो घरात जायला वळला.

स्नेहा जागची हलली नाही.

"हातात द्या, भावजी," ती म्हणाली आणि तेलाने माखलेला हात तिने पुढे धरला.