निर्जन किनाऱ्यावरची खुर्ची

सहलींच्या कचेरीसाठी मुलाने माझी खोली घेतली. पलंगावर लाइफ जॅकेटांचा ढीग, भिंतीवर बेटाचा नकाशा आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाला पाठ टेकून बसलेली गिऱ्हाइकं. "डॉल्फिन नक्की दिसतील ना?" हे दिवसभर ऐकत वाचणं मला जमेना. मी घडीची खुर्ची घेऊन टेकडीपलीकडच्या लहानशा किनाऱ्यावर बसू लागलो. कोणी माझं मत विचारत नाही अशी आयुष्यात मला ती एकच जागा सापडली होती.

एकदा जेवताना सुनेने सहज विचारलं, "बाबा, तिकडे अगदीच कोणी नसतं?"

"चिटपाखरूही नसतं."

हातातला घास तसाच धरून तिने मुलाकडे पाहिलं.

सकाळी दाराबाहेरच्या फलकावर नवी सहल लागली होती : 'निर्जन किनारा. माणसाचं पाऊल न लागलेली वाळू. जेवणासह.'

"पण तिथे मी असतो," मी म्हणालो.

"तेच तर," मुलगा म्हणाला. "बोट आली की जरा झुडपामागे जाल का?"

"आणि पावलांचे ठसे?" सून म्हणाली. कामात ती फार चोख आहे. तिने मला एक पानांची फांदी दिली. वाळू झाडत झाडत मागे सरकायचं, हेही करून दाखवलं.

मी सरकत राहिलो. बोटीतून वीस-बावीस माणसं उतरत आणि एकमेकांना बाजूला व्हायला सांगून निर्जन किनाऱ्याचे फोटो काढत.

एके दिवशी खुर्ची मिटेचना. मी तिच्याशी झटापट करत होतो, तेवढ्यात बोटीतून उतरलेल्या, मोठ्या टोपीतल्या एक बाई ओरडल्या, "अगबाई, इथे कोणीतरी राहतं!" मी इतका ओशाळलो की तोंडातून शब्द फुटेना.

"मौनात आहेत," एक गृहस्थ कुजबुजले आणि त्यांनी माझ्या पायाशी एक केळं ठेवलं.

आता सहल बुडाली, मला वाटलं. तर संध्याकाळी मुलगा हरखून घरी आला. "बाबा, उद्याची बोट आत्ताच भरली! तुम्ही नुसते बसा. आणि दाढी वाढवा."

फलकावरचा मजकूर बदलला : 'बेटावरचा एकांतवासी. दिवसाला चार फेऱ्या.'

मी मनापासून प्रयत्न केला. पण लोक विचारत, सुख कशात आहे, आणि मी खूप विचार करून सांगे, "मला नक्की माहीत नाही. माफ करा." तक्रारी येऊ लागल्या.

"एकांतवासी कधी माफी मागतो का, बाबा?" सून म्हणाली. "जाऊ दे. आम्ही दुसरं माणूस बघितलंय."

दुसरं माणूस म्हणजे तिचे वडील, माझे व्याही. जन्मभर त्यांनी विमा विकला. त्यांना गप्प बसलेलं कोणीच पाहिलेलं नव्हतं. पण दाढी छातीपर्यंत. ते माझ्या खुर्चीत, माझं पुस्तक घेऊन बसले. पाच मिनिटांत पॉलिसी काढतील, असं म्हणत मी झुडपामागून पाहत राहिलो. त्यांनी समुद्राकडे पाहिलं, लांब उसासा टाकला, डोळे मिटले. बोटीतल्या एक बाई चक्क रडल्या. पुस्तक उलटं धरलेलं होतं. इतकी वर्षं मी ते उगाचच सरळ धरून वाचत होतो की काय, असं मला वाटलं.

मग मी झुडपामागेच बसू लागलो. सावली बरी होती. दगड टोचायचा, पण वाचन होत होतं. फलकावर अजून झुडूप आलेलं नव्हतं.

परवा एका तरुणाने मला हटकलं. "आजोबा, तुम्हीपण त्यांनाच बघायला आलात?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग रांगेत या ना! इथून नीट दिसत नाहीत."

मी पुस्तक मिटलं आणि रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा व्याह्यांनी एक डोळा किलकिला केला आणि ओठ न हलवता म्हणाले, "अहो, ते झुडूप मोकळं करा. पोरं तिथे स्वच्छतागृह बांधतायत."

"बरं. मग माझी खुर्ची तेवढी परत मिळेल का?"

पण तोवर ते पुन्हा मौनात गेले होते.