शिवणाच्या कपाटातला डावा चॅनल

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असण्याची शक्यता फार कमी आहे. मी एक जुना चॅनल आहे. शिवणाच्या कपाटात, सर्वांत वरच्या खणाच्या पोटाखाली, डाव्या बाजूला मी राहतो. उजवीकडे माझा जुळा भाऊ आहे. खण ओढला की आम्ही दोघे त्याला पाठीवर घेऊन बाहेर येतो. ढकलला की शेवटी त्याचा वेग आवरतो आणि त्याला अलगद आत नेतो. आम्ही दिसत नाही याचाच आम्हाला अभिमान होता. पण या घरात आल्यावर जे घडले, ते आठवले की आजही माझे लोखंड गार पडते.

कारखान्यात पत्रा दाबून, वाकवून आमचा जन्म झाला. तिथून आम्ही खोक्यात बसून हार्डवेअरच्या दुकानात आलो. तिथेच एका सकाळी आमचे मालक आले. चाळीस वर्षे लेथ मशीन चालवून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, कानामागे पेन्सिल खोचलेले. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची आणि शिवणकाम करायची. वर्षापूर्वीच्या आजारात तिच्या डाव्या हातातली ताकद गेली होती.

"जुना खण अडकतो. टेबलाला पाय लावून ओढते बिचारी," मालक म्हणाले. "मी घरीच नवीन कपाट करतोय. खण एका बोटाने उघडला पाहिजे."

दुकानदाराने दोन प्रकारचे चॅनल मांडले. "हे बाजूला बसणारे. थोडं इकडंतिकडं झालं तरी चालवून घेतात. आणि हे खालून बसणारे. वजन पेलतात, हळू मिटतात, पण मापाला फार कडक. कपाटाच्या आतल्या रुंदीतून बेचाळीस मिलिमीटर वजा करा, ती खणाची आतली रुंदी. बाजूच्या फळ्या सोळाच्या घ्या. तळ अर्धा इंच वर धरा. मागच्या फळीला चॅनलचे आकडे अडकायला भोकं पाडा. आणि शेवटी समोरच्या क्लिपा. टक् असा आवाज आलाच पाहिजे. नाही आला, तर खण नुसता ठेवलाय, बसलेला नाही असं समजा."

मालक प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

"घरी कोणी सुतार आहे का मदतीला?" दुकानदाराने विचारले.

"हो हो, स्क्रू पण द्या," मालक म्हणाले.

दुकानदार हसला. त्याला वाटले, गंमत केली. मलाही तसेच वाटले.

घरी मालकांनी प्लायवर पेन्सिलीने आकडा लिहिला: ४०. मी हबकलो! बेचाळीसचे चाळीस कसे झाले? पण लोखंडाचे ओरडणे कोणाला ऐकू जाते? तयार झालेला खण आमच्यावर ठेवताच सैल बुटासारखा डुलू लागला. मालक मटकन खाली बसले. लेथवर केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाचे माप चुकले होते.

"दादा, दुकानदार बेचाळीस म्हणाला असेल," खोक्यावरचे माप वाचून बहीण हळूच म्हणाली. मग तेच पुन्हा, जरा मोठ्याने.

"चाळीसच म्हणाला! मी काय बहिरा आहे?" मालक इतक्या जोरात खेकसले, की ती दोन पावले मागे सरली.

तरीही त्यांनी खण सुटा केला, पुढची-मागची फळी दोन-दोन मिलिमीटर कापली आणि पुन्हा जोडला. आता माप अचूक बसले. मागचे आकडे भोकांत गेले. मालकांनी खण ढकलला, मान तिरकी केली आणि समाधानाने म्हणाले, "बसला!"

मी अवाक झालो. टक् झालेच नव्हते. क्लिपा केसभर मागे लागल्या होत्या. खण आमच्या पाठीवर नुसता टेकलेला होता.

रिकामा होता तोवर निभावले. बहिणीने तो एका बोटाने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "अगं बाई, लोण्यासारखा सरकतोय!" ती लहान मुलीसारखी हसली. मग तिने तो भरला. लोखंडी कात्री, बटणांच्या बरण्या, दोऱ्याची रिळे, मशीनचे सुटे भाग.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घाईत खण ओढला. आम्ही आमच्या टोकाला थांबलो. खण थांबला नाही. तो आमच्या पाठीवरून घसरला आणि सगळ्या वजनासकट तिच्या पावलावर आदळला. बरण्या फुटल्या. ती खाली कोसळली. तिचा पाय खणाखाली अडकला, आणि एका हाताने खण उचलेना.

"दादा! ए दादा!"

मालक सहा पावलांवर, पाठ करून, दुसऱ्या खणाची फळी घासत होते. ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा तर किंचाळली. मालकांनी फळीवरचा भुसा फुंकला आणि पुन्हा घासायला लागले.

मित्रांनो, त्या क्षणी मी तिचा चेहरा पाहिला. वेदना कुठच्या कुठे गेली होती. डोळे विस्फारून ती भावाच्या पाठीकडे बघत होती. शेवटी तिने एक रीळ उचलून त्यांच्या पाठीवर फेकले.

मालक हसत वळले. मग त्यांनी खाली पाहिले. धावत येऊन खण उचलत ते म्हणाले, "अगं चिमे, हाक नाही का मारायची?"

"तीन वेळा मारली, दादा."

तिच्या ओठांकडे बघत मालक ते समजून घेत होते, हे मला तेव्हा कळले. त्यांचा रंगच उडाला.

पावलाचे एक हाड मोडले होते. प्लास्टर घालून आल्यावर मालक तिच्या समोर बसले.

"दोन वर्षं झाली. मशीनच्या आवाजाने कान गेले. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मी वाफ बघून मोजतो. तू आजारी पडलीस, मग म्हटलं, निदान एकाने तरी धडधाकट असावं."

"पायाचं मला काही वाटत नाही रे," ती म्हणाली. "तू समोर होतास आणि मी हाक मारत होते. मला वाटलं, आता आपलं कोणी उरलं नाही."

मालकांनी तिचा निकामी हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र मिळायला आठवडा होता, पण खण तसाच ठेवायला ते तयार नव्हते. ते जमिनीवर आडवे झाले, क्लिपा पुढे घेतल्या आणि त्यांवर बोट ठेवले. बहीण खुर्चीत बसून कान देऊन होती. या वेळी त्यांच्या बोटाला हिसका बसला आणि तिच्या कानांवर टक् असा आवाज आला. मग मालकांनी खणात विटा भरल्या आणि तो पंचवीस वेळा जोर लावून ओढून पाहिला.

त्याला आता बरीच वर्षे झाली. माझ्यावर धूळ बसते, कोणी खाली वाकून बघत नाही. त्याची माझी तक्रार नाही. वर्षातून एकदा कापडाने पुसले आणि खण ओढून तपासला, तरी आम्हाला पुरे. शेजारपाजारचे लोक मालकांकडून कपाटे करून घेतात. कोणी माप सांगू लागले की मालक हात वर करून आधी म्हणतात, "मला कमी ऐकू येतं. समोर या आणि आकडा लिहून द्या."

एवढे वाक्य तोंडातून निघायला दोन वर्षे लागली आणि बहिणीच्या पायाचे हाड मोडावे लागले. मित्रांनो, तुम्ही इतका वेळ लावू नका.