बटाट्यांच्या पिशवीला खिडकी

गच्चीवर बटाटे लावायचं खूळ सूनबाईच्या डोक्यात शिरलं ते ठकीला वरचं खाणं सुरू झालं तेव्हा. लेकीच्या तोंडात जाणारा बटाटा कुठल्या मातीतला, त्यावर काय काय फवारलेलं, हे आईला ठाऊक नको? पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेली बाई ती. पेल्यातल्या स्वच्छ पाण्यातही तिला काहीतरी पोहताना दिसायचं. बाळंतपणाची रजा दोनदा वाढवून झाली होती. आता प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ बाईंनी कळवलं होतं, की येत्या तिमाहीच्या पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असेल. ते कुणीतरी तुम्ही असलात तर आनंदच आहे.

"मग जा की," सासूबाई म्हणाल्या. "ठकीला मी सांभाळते."

"बघू," सूनबाई म्हणाली.

या 'बघू'शी सासूबाईंची जुनी ओळख. लोकांचे कपडे शिवण्यात त्यांची हयात गेलेली. गिऱ्हाईक 'बघू' म्हणालं, की कापड परत जातं.

बटाट्यांची पिशवी मात्र त्यांनी हौसेने शिवून दिली. जुन्या कनातीचं जाड कापड, दुहेरी टीप, उचलायला दोन बंद, पाणी निघून जायला तळाला भोकं आणि त्यांना काजांसारखी गुंफण. "बटाट्याला काजं करून देणारी मी पहिलीच असेन," असं म्हणत त्यांनी दोरा तोडला.

सूनबाईने बटाटे आधी अंड्यांच्या खोक्यात, उजेडात मांडून ठेवले होते. डोळ्यांना आखूड, जाडसर कोंब फुटल्यावर मोठ्या बटाट्यांचे दोन तुकडे केले, दोघांच्या वाट्याला कोंब येतील असे. काप सुकू दिले. पिशवीच्या तळाशी खत मिसळलेली भुसभुशीत माती घातली, तिच्यावर तुकडे कोंब वर करून ठेवले आणि वरून वीतभर माती लोटली. उरलेली पिशवी रिकामीच ठेवायची. रोप वर येईल तशी भर घालत जायची. हे सगळं तिने इतक्या ठिकाणी वाचलं होतं की नवरा म्हणाला, "एवढ्या अभ्यासात बटाटा पदवी घेऊनच बाहेर येईल."

रोपं आली, तरारली. तिने भर घातली, ती पुन्हा वर आली. पानं झकास होती. पण पानांचं काय घेऊन बसलात? खाली काय चाललंय ते कोण सांगणार?

आधी तिने बोट घालून पाहिलं. मग चमचा. झोपलेल्या ठकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का ते पाहणारी ती. पिशवीला तर श्वासही नव्हता. शेवटी एका सकाळी तिने सासूबाईंची कात्री आणली आणि पिशवीच्या कुशीत तीन बाजूंनी कापून एक झकास खिडकी केली. झडप उचलली, तर आत बोराएवढे बटाटे. जीव भांड्यात पडला. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायची, माती जरा बाजूला सारायची, बटाट्यांना डोळे भरून पाहायचं, असा नेम सुरू झाला.

मग एक दिवस बटाट्यांच्या गालांवर हिरवी झाक दिसली. तिने शोधून वाचलं: उजेड लागला की बटाटे हिरवे पडतात, आणि हिरवा बटाटा खायचा नसतो, लहान मुलाला तर मुळीच द्यायचा नसतो. ती तिथेच पायरीवर बसली.

"माझ्या कापडाच्या कात्रीला माती कुणी लावली?" ठकीला कडेवर घेऊन सासूबाई वर आल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "छान आहे हो खिडकी. पडदे कधी लावायचे?"

"आई, मी नुसती बघत होते."

"दिसतंय ना. बघून बघून हिरवे केलेस."

त्यांनी दाभण आणि सुतळी आणून झडप पक्की शिवून टाकली. "आता पानं पिवळी पडेपर्यंत हा टाका उसवायचा नाही. तेवढं जमलं तर नोकरीवर जा. नाही जमलं तर तुझ्या बाईंना मीच फोन करते, की आमच्या सूनबाईंना पिशवी एकटी सोडवत नाही."

"अगदी रास्त," मागोमाग वर आलेला नवरा म्हणाला, आणि दोघींनी वळून पाहताच त्याला खाली काम आठवलं.

सूनबाईने शब्द पाळला. झारीने पाणी घालायची, हात मागे बांधून एक फेरी मारायची आणि खाली यायची. टाका शाबूत होता. कामावर जायचा दिवस तोंडावर आला होता. बाईंना अजून तिने हो कळवलं नव्हतं. जीभ उचलली की 'बघू'च बाहेर पडायचं.

अशातच एकदा ती आंघोळीला म्हणून गेली आणि टॉवेल विसरला म्हणून गच्चीवर आली. पिशवीशेजारी स्टुलावर सासूबाई. मांडीवर ठकी. आणि एक हात मनगटापर्यंत मातीत.

ठकी आईला पाहून हसली.

"मुंगी होती," सासूबाई म्हणाल्या.

"बरीच खोल गेलेली दिसतेय."

"तू आंघोळीला गेलीस की येते मी रोज," सासूबाईंनी हात बाहेर काढला आणि माती थोपटून सारखी केली. "तुझ्यासारखी उघडं पाडत नाही हो. आतल्या आत चाचपते. चांगले भरलेत."

"आणि मला टाका घातलात."

"मग? दोघींनी बघायला घेतलं असतं तर उरलं काय असतं?" नखांतली माती काढत त्या म्हणाल्या. "आणि काय गं, ठकीच्या नाकाखाली बोट धरणारी या घरात तू एकटीच, असं वाटतं का तुला?"

सूनबाई बघतच राहिली. "तुम्ही कधी धरता?"

"तू धरून गेलीस की."

टॉवेल दोरीवर तसाच राहिला. सूनबाई खाली गेली आणि आधी तिने बाईंना फोन लावला.

पानं पिवळी पडली, तिने पाणी तोडलं, आणि कामावर जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी आपल्या हाताने टाका उसवला. खिडकीजवळचे हिरवे बटाटे टाकून द्यावे लागले. बाकीचे एका पातेल्यात मावले, पण देखणे होते. त्यातला एक उकडून, कुस्करून सूनबाईने ठकीपुढे धरला. ठकीने तो तोंडात घेतला, विचार केला आणि आजीच्या पदरावर थुंकला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई तयार होऊन दारात उभी राहिली. सासूबाई शिवणयंत्राशी बसल्या होत्या आणि ठकी बाजूच्या गादीवर पाय चोखता चोखता पेंगत होती.

"आई, कात्री कुठे ठेवलीत?"

"तुला सापडणार नाही अशा ठिकाणी."

"ठकीला नको सापडायला."

"तिला सापडेल एक वेळ, तुला नाही. वर ठेवलीय गं, कपाटावर. निघ आता."

ती जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. गादीवर ठकीचा डोळा लागला होता. सूनबाई वाकणार, तोच सासूबाईंनी टीप थांबवली, हात लांब करून ठकीच्या नाकाखाली बोट धरलं आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "चालू आहे."